चारचौघींसारखा गॉगल, की चारचौघींत उठून दिसणारा?

मैत्रिणींनो, उन्हाचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंगही बदलतो. कुरडयांचा चीक नेमका कधी झाला म्हणायचा, कैरीच्या लोणच्यावर बुरशी का येते, माठाच्या पाण्याला वास का लागतो, अशी पत्रे भराभर येऊ लागतात. त्यांची उत्तरे पुढच्या खेपेला नक्की देईन. या आठवड्यात मात्र एका अगदी निराळ्या पत्रासाठी सगळी जागा राखून ठेवली आहे. पत्र गॉगलबद्दल आहे; पण आपल्यापैकी ज्या कुणी घरून मसाले विकतात, पर्सेस शिवतात किंवा ब्लाउज बेततात, त्या सगळ्यांनी ते आपलेच समजून वाचावे.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका भगिनीचे हे पत्र आहे. घरचे चष्म्याचे दुकान सासऱ्यांनी उभे केलेले. बाईंनी लग्नाआधी चित्रकलेचे शिक्षण घेतले आहे. आता घरच्या नावाने गॉगल काढायचे घाटते आहे. त्या लिहितात, "मी सहा आकार काढले आहेत. त्यातला एक स्कूटर चालवणाऱ्या बायकांसाठी आहे. त्याच्या काड्या सरळ आहेत, म्हणजे डोक्याला स्कार्फ गुंडाळला तरी वरून सरकवता येतात. बाजूनेही तो रुंद आहे, त्यामुळे धूळ आत जात नाही. पण दिसायला जरा धीटच आहे. मामंजी म्हणतात, दहाजण जे घेतात तेच काढा, नाहीतर माल पडून राहील. हे म्हणतात, दहाजणांसारखंच काढायचं तर त्यावर आपलं नाव कशाला घालायचं? यात माझे भिशीचे आणि शिवणाचे साठवलेले पैसे जायचे आहेत. कमी पडले तर पाटल्या गहाण ठेवायचीही माझी तयारी आहे. ताई, कुणाचं ऐकू?"

बाई, पाटल्यांचे काय ते शेवटी बोलू. आधी एक गोष्ट ऐका. आणि गोष्ट बाईचीच आहे बरं का.

न्यूयॉर्कमध्ये १९०७ साली जन्मलेली आल्टिना शिनासी ही चित्रकलेची मुलगी. मोठमोठ्या दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवण्याचे काम ती करत असे. तीसच्या दशकात एकदा एका चष्मेवाल्याच्या खिडकीपाशी ती थबकली. आत मांडलेल्या सगळ्या फ्रेमी एकजात कंटाळवाण्या. बायकांनी चष्मा लावायचा तो केवळ नाइलाज म्हणून, अशीच ती मांडणी. तिच्या मनात व्हेनिसच्या उत्सवात घालतात ते मुखवटे आले. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांना वर उचललेले, खट्याळ दिसणारे. तिने कागद कापून तसा आकार केला आणि चष्मे बनवणाऱ्या मोठ्या कारखानदारांकडे गेली. एकूण एक जणांनी नकार दिला. असलं धाडसी कोण घालणार, हेच सगळ्यांचे म्हणणे.

शेवटी मॅडिसन ॲव्हेन्यूवरच्या ल्यूजीन नावाच्या एका दुकानाने तो आकार घेतला. अट एकच होती: सहा महिने तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. पुढे काय झाले ते तुम्हीआम्ही पाहिलेच आहे. या आकाराला तिने 'हार्लेक्विन' म्हटले, जग त्याला मांजरीच्या डोळ्यांचा चष्मा म्हणू लागले. १९३९ साली लॉर्ड अँड टेलर या प्रसिद्ध दुकानाचा डिझाइनचा पुरस्कार तिला मिळाला. आपल्या घरातले जुने फोटो काढून पाहा. एखाद्या आत्याबाईंच्या नाहीतर शाळेतल्या बाईंच्या नाकावर टोके वर गेलेला तो चष्मा हमखास सापडेल. एका मुलीने कागद कापून केलेला आकार इथवर पोचला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे ताई धाडसाच्या बाजूने झाल्या. थांबा जरा. मामंजींच्या बाजूनेही एक गोष्ट आहे, आणि तीही तितकीच खरी आहे.

अमेरिकेतच सॅम फॉस्टर नावाचा एक कारखानदार होता. १९१९ साली त्याने कारखाना काढला तो बायकांच्या केसांतल्या कंगव्यांचा आणि आकड्यांचा. विसाच्या दशकात तिकडच्या बायकांनी केस कापून बॉबकट करायला सुरुवात केली आणि कंगव्यांच्या धंद्याला उतरती कळा लागली. (फॅशन कुणाच्या पोटावर येईल ते सांगता येत नाही, ते असे.) फॉस्टरने मग प्लॅस्टिकचे गॉगल करायला घेतले. १९२९ साली अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावी वूलवर्थच्या दुकानातून ते विकायला ठेवले. साधे, स्वस्त, कुणालाही चालतील असे. सहलीला आलेली माणसे चणेफुटाणे घ्यावेत तसे ते घेऊ लागली. 'फॉस्टर ग्रँट' हे नाव त्यातून मोठे झाले. तिथे धाडसी आकार वगैरे काही नव्हते. होती ती किंमत, आणि गिऱ्हाइकाच्या वाटेवरच थाटलेले दुकान.

मग खरे कोण? दोघेही. फरक आहे तो खिशाचा.

सगळ्यांना चालेल असा माल विकायचा, तर तो स्वस्त हवा. स्वस्त करायचा, तर हजारोंनी काढायला हवा. गॉगलच्या फ्रेमी दोन तऱ्हांनी बनतात. एका तऱ्हेत वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबून भरतात. नग झटपट निघतो, पण साचा करवून घेण्यातच मोठी रक्कम गुंतते आणि ती भरून यायला ढीगभर माल खपावा लागतो. दुसऱ्या तऱ्हेत ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकच्या जाड पत्र्यातून एकेक फ्रेम कापून, घासून, चकचकीत करतात. त्यात मेहनत जास्त आणि नग महाग पडतो, पण थोडाच माल काढता येतो. साधा गॉगल साच्यातून काढून स्वस्तात विकण्यात मोठ्या कंपन्यांशी आणि फुटपाथवरच्या विक्रेत्याशी टक्कर द्यायची, तर घरगुती दुकानाचा निभाव कसा लागणार? टाटांच्या घराण्यातल्या टायटनने १९९८ साली तरुण मुलामुलींसाठी फास्टट्रॅक ही घड्याळे काढली, २००५ पासून त्याच नावाने गॉगलही आणले. त्यांच्यामागे गावोगावची दुकाने होती, जाहिरातीचे बळ होते. आपल्या बाईंच्या मागे आहे भिशी.

म्हणून मला वाटते, त्यांचे 'हे' म्हणतात त्यात तथ्य आहे. ज्याच्यापाशी पैसा थोडा, त्याच्यापाशी निराळेपण हेच भांडवल. शेजारच्या चार दुकानांत मिळतो तोच गॉगल तुमचे नाव घालून विकायला ठेवलात, तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारणार, "तिकडं पन्नास रुपये कमी आहेत, तुम्ही किती कमी कराल?" पण जो आकार दुसरीकडे नाहीच, त्याची तुलना कशाशी करणार?

मात्र नुसते निराळे असून भागत नाही. इथेच पुष्कळजणी फसतात. निराळेपणाला काही कारण लागते. ते कारण पुढच्या माणसाला न सांगता कळले पाहिजे.

ओकली या गॉगलचे उदाहरण घ्या. जिम जॅनार्ड नावाच्या गृहस्थाने १९७५ साली हा धंदा सुरू केला, तो मोटारसायकलच्या मुठी विकून. १९८४ साली त्याने सायकलच्या शर्यतीत भाग घेणाऱ्यांसाठी एक गॉगल काढला. अर्धा चेहरा झाकणारी एकच सलग काच, जणू ढालच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू यावे असा तो होता. पण वेगाने सायकल मारणाऱ्याच्या डोळ्यांत वारा, धूळ, चिलटे जातात, आणि ही ढाल त्यांना अडवत होती. ग्रेग लेमाँडसारख्या नावाजलेल्या सायकलपटूने तो लावला. मग हसणारेही घेऊ लागले. आकार विचित्र खरा, पण त्यामागे डोळ्यात गेलेल्या चिलटाचा अनुभव होता.

बाई, तुमचा स्कार्फवरून सरकणारा गॉगल मला म्हणूनच आवडला. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात उन्हाच्या वेळी स्कूटरवरून जाणाऱ्या मुली पाहा. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल. गॉगलची वळलेली काडी स्कार्फच्या आत अडकते, कानामागे रुतते, सिग्नलला थांबले की हात सारखा तिकडे जातो. ही अडचण बायकांची आहे, रोजची आहे. तुमच्या सहा आकारांपैकी बाकीचे पाच नुसते 'काहीतरी वेगळं' म्हणून काढलेले असतील, तर ते सध्या कपाटात ठेवा. ज्याला कारण आहे तो एक पुढे आणा.

दुसरी गोष्ट धीराची. रे-बॅनचा 'वेफेअरर' गॉगल आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेला असेल, नावाने नाही तरी रूपाने. जाड काळी फ्रेम, वरचे कोपरे रुंद. रेमंड स्टेगमन या गृहस्थाने १९५२ साली तो आकार काढला. तेव्हा गॉगल म्हटले की धातूची बारीक तार, असा रिवाज होता. त्यात हे जाड प्लॅस्टिक म्हणजे मोठेच धाडस. पन्नास-साठच्या दशकांत तो खूप गाजला, आणि मग पडला. इतका, की १९८१ साली जेमतेम १८ हजार नग खपले आणि तो बंदच करावा असे घाटू लागले.

इथे मामंजींचा मुद्दा ध्यानात ठेवा. धाडसी आकार आपोआप खपत नाही, आणि एकदा खपला म्हणून कायम खपत नाही. कंपनीने १९८२ साली पैसे मोजून, आपले गॉगल सिनेमांत आणि टीव्हीवर दिसावेत, अशी व्यवस्था केली. १९८३ साली 'रिस्की बिझनेस' या चित्रपटात टॉम क्रूझने वेफेअरर लावला आणि त्या एका वर्षात ३ लाख ६० हजार नग गेले. म्हणजे माल चांगला असला तरी तो चारजणांच्या डोळ्यांवर दिसावा लागतो. तुम्हाला सिनेमा नको. गावातल्या शाळेच्या बाई, दवाखान्यातल्या नर्स, बँकेत स्कूटरवरून जाणारी एखादी भगिनी, अशा पाचसहाजणींना पहिले नग मूळ किमतीत द्या. त्या रोज रस्त्यावरून जातील, तीच तुमची जाहिरात.

वेफेअररची गोष्ट अजून संपली नाही. नव्वदच्या दशकात फॅशन बदलली आणि तो पुन्हा मागे पडला. १९९९ साली रे-बॅन लुक्सोटिका या इटालियन कंपनीकडे गेले. २००१ साली या गॉगलला नवे रूप दिले गेले. आकार लहान केला, प्लॅस्टिक हलके केले, फ्रेमचा तिरपेपणाही कमी केला. थोडक्यात, कुणालाही खटकू नये असा केला. आणि काही वर्षांत लक्षात काय आले? लोक जुन्या बाजारात मूळ जाड, तिरपा गॉगलच शोधत होते! शेवटी २००६-०७ च्या सुमारास कंपनीने तोच मूळ आकार परत आणला आणि तो जोरात चालला.

आपल्या स्वयंपाकघरातही असे होतेच की. पाहुण्यांना तिखट लागेल म्हणून मिरची कमी, कुणाला लसूण चालत नाही म्हणून लसूण नाही, कुणाला खोबरे नको म्हणून खोबरे नाही. असे करत करत झणझणीत रस्सा पचकवणी होतो आणि शेवटी कुणीच दुसऱ्यांदा वाढा म्हणत नाही. त्यापेक्षा रस्सा रश्श्यासारखा करावा आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी वेगळे वरण लावावे.

हेच दुकानाला लावून पाहा. मामंजी आणि 'हे', दोघांचेही राखता येते. मी तुमच्या जागी असते, तर असे केले असते:

पहिल्या खेपेला साचा मुळीच करवून घेतला नसता. कापून बनणारे थोडे नग घेतले असते. समजा शंभर काढायचे, तर सत्तर ओळखीच्या साध्या आकाराचे आणि तीस आपल्या नव्या आकाराचे. साधे गॉगल घरखर्च चालवतील, नवा आकार नाव चालवील. दर्शनी काचेत मात्र नवाच मांडायचा. पुष्कळदा होते काय, की माणूस काचेतला धीट नग पाहून आत येतो आणि साधा घेऊन जातो. त्यात वाईट काय? तो आत आला हे त्या धीट नगाचेच काम.

नवा आकार काढण्याआधी वीसजणींच्या चेहऱ्यावर लावून पाहिला असता. परदेशातल्या फ्रेमी पुष्कळदा उंच नाकासाठी केलेल्या असतात, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या नाकावरून त्या घसरतात आणि गालांवर टेकतात. कुंकवाची टिकली, मोठी कर्णफुले, कानावरून घेतलेली वेणी, या सगळ्यांशी काडी जमते का ते पाहावे. घरच्यांना 'कसा दिसतो?' असे विचारू नये, घरचे गोड बोलतात. 'एवढे पैसे देऊन घ्याल का?' असे परक्यांना विचारावे.

आणि रंग निरनिराळे काढण्याचा मोह टाळला असता. एकच आकार आठ रंगांत काढला की माल आठपट पडून राहतो. दोन रंग पुष्कळ झाले.

आता सगळ्यात महत्त्वाचे. गॉगलच्या ज्या भागात धाडस अजिबात चालत नाही, तो म्हणजे काच. फ्रेम वाटेल तशी असो, काचेने सूर्याचे अतिनील किरण अडवलेच पाहिजेत. काच काळी आहे म्हणजे ती हे किरण अडवते, असा आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. उलट, काळ्या काचेमागे अंधार होतो, डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काचेत संरक्षण नसेल तर ते किरण जास्तच आत शिरतात. म्हणजे डोळे उघडे ठेवले असते तरी बरे! वर्षानुवर्षे हे किरण डोळ्यांत जात राहिले तर मोतीबिंदूला हातभार लागतो, बुबुळावर सरकणारा पापुद्राही वाढू शकतो.

म्हणून गॉगल घेणाऱ्या आपण सगळ्यांनी हे पाहून घ्यावे:

• गॉगलवर 'यूव्ही ४००' असे लिहिलेले असावे. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण ही काच अडवते, असा त्याचा अर्थ. नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नये. पुष्कळ चष्मेवाल्यांकडे हे तपासायचे लहान यंत्र असते, मिनिटभराचे काम आहे. सरळ विचारावे, लाजू नये.

• 'पोलराइज्ड' काच पाण्यावरून आणि डांबरी रस्त्यावरून येणारी तिरीप कमी करते. पण ते आणि अतिनील किरण अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही आहे का ते विचारावे.

• गाडी चालवायची असेल तर करडी किंवा तपकिरी काच बरी. तिच्यातून रंग फारसे बदलत नाहीत, सिग्नल नीट कळतो. अंधार पडल्यावर गॉगल लावून गाडी चालवू नये.

• आकार मोठा आणि बाजूने रुंद असेल तर कडेने येणारे ऊनही अडते. तेव्हा 'बाई, केवढा मोठा गॉगल!' असे कुणी म्हटले तर म्हणू द्यावे.

• पदराने काच पुसू नये, बारीक धूळ घासून चरे पडतात. आधी पाण्याने धुऊन मग मऊ सुती कापडाने टिपावी.

• गॉगल कितीही भारी असला तरी त्यातून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे पाहू नये.

बाई, गॉगल काढणाऱ्या तुमच्यासाठी यातले पहिले कलम म्हणजे दुकानाची अब्रू. आकार न आवडलेले गिऱ्हाईक फार तर परत येणार नाही. पण तुमच्या नावाच्या गॉगलची काच यंत्रावर खोटी ठरली, तर मामंजींनी जोडलेली सारी माणसे जातील. पैसे वाचवायचे तर डबीत वाचवा, पिशवीत वाचवा, काचेत नको.

राहता राहिल्या पाटल्या. त्या हातातच राहू द्या. भिशीतून आणि शिवणातून जेवढे जमले असेल तेवढेच पहिल्या खेपेला घाला, आणि तेही सगळे नको. दुसऱ्या खेपेसाठी तिसरा हिस्सा बाजूला काढून ठेवा. पहिल्या मालात कुठे ना कुठे काडी सैल निघते, कुठे बिजागरी अडकते, आणि ते सुधारायला हाताशी पैसे लागतात. आणखी एक सांगते. हा आकार तुम्ही काढला आहे, तर पहिल्या दिवसापासून त्याचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा, त्या वहीवर तुमचे नाव लिहा, आणि डिझाइनची नोंदणी करून घेण्याबद्दल एखाद्या जाणत्या वकिलाला विचारा. ही चौकशी माल दुकानात मांडण्याआधीच करायची, कारण आकार एकदा बाजारात आला की नोंदणीला अडचण येते. घरच्या धंद्यात सुनेचे काम सगळ्यांना दिसते, पण कागदावर ते क्वचितच उतरते.

मामंजींनाही माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावे, सत्तर नग तुमच्या म्हणण्याप्रमाणे आणि तीस माझ्या, दिवाळीला दोन्हींचा हिशेब मांडू. व्यवहारी माणूस आहेत, नाही म्हणणार नाहीत. आणि तो हिशेब काय निघाला ते या सदराला जरूर कळवा. कुरडयांचा चीक घेऊन पुढच्या आठवड्यात भेटूच.